जैवविविधतेची घसरण खरंच थांबते का? एका गुरांच्या डॉक्टरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियलला जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी ठरवलं, की २०३० पर्यंत जैवविविधतेची घसरण थांबवायची आणि ती उलटवायची. त्याआधी २०१० साली जपानमध्ये अशीच २० लक्ष्यं ठरली होती. ती २०२० पर्यंत गाठायची होती आणि त्यांतलं एकही पूर्ण झालं नाही. मग आता तरी काही होणार, की पुन्हा कागदच? विचारणारी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि तिला प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचं उत्तर हवं आहे.

मी गुरांचा डॉक्टर. पशुसंवर्धन खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी रायगड जिल्ह्यातल्या लहान दवाखान्यांत. निवृत्तीनंतर गिधाडांच्या कामात आहे. आंतरराष्ट्रीय परिषदांना मी कधी गेलेलो नाही. पण 'थांबवणं' आणि 'उलटवणं' हे त्या करारातले दोन शब्द एका पक्ष्याच्या बाबतीत मी फार जवळून पाहिलेत, कारण त्या पक्ष्याला मारणारं औषध काही वर्षं मी माझ्या हाताने टोचत होतो. म्हणून उत्तरही त्या पक्ष्यावरूनच देतो.

आधी सरळ सांगून टाकतो. थांबवता येतं. थांबलेलं मी पाहिलंय. उलटवणं हे मात्र निराळं काम आहे. त्याला माणसं निराळी लागतात, पैसा निराळा लागतो आणि वेळ फार जास्त लागतो. दोन्ही शब्द आपण एका दमात बोलतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आमच्या दवाखान्यात आलं. त्याआधी तिवा झालेला बैल म्हणजे तीन दिवस गोठ्यात पडून. ऐन लावणीत बैल बसला की शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. या औषधाने सकाळी उठवेना झालेला बैल संध्याकाळी पेंढ्याला तोंड लावायचा. ताप, सूज, लंगडणं, दगडासारखी झालेली कास, सगळ्यावर एकच बाटली, आणि तीही स्वस्त. लोक येऊन म्हणायचे, "डॉक्टर, ते झटक्यात उठवणारं द्या." मी द्यायचो. वाचण्यापलीकडे गेलेल्या म्हाताऱ्या जनावरालाही द्यायचो, निदान शेवटचे दोन दिवस त्याला दुखू नये म्हणून. त्यात दया होती, ती आजही मला चूक वाटत नाही. पण नेमकं तेच जनावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरायचं आणि अंगात औषध घेऊन गावाबाहेरच्या माळावर जायचं.

त्या माळाचं सांगतो. मी रुजू झालो तेव्हा मेलेलं ढोर तिथे नेऊन टाकायचे. कातडं सोलणारा माणूस आपलं काम उरकून बाजूला झाला, की कडेच्या आंब्यावर बसलेली गिधाडं उतरायची. आधी दोन, मग दहा, मग मोजता येत नसत. चांगल्या बैलाची तासाभरात हाडं उरायची. वासही यायचा नाही. २००० च्या सुमारास त्याच माळावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागे. मढं आठ-आठ दिवस पडलेलं आणि भोवती तीस-चाळीस कुत्री. गावकरी म्हणायचे, आंबे तोडले म्हणून गिधाडं डोंगरात गेली. मलाही तेच खरं वाटलं. माझ्या खिशातल्या बाटलीशी याचा काही संबंध असेल, हे स्वप्नातही आलं नाही.

हे फक्त आमच्याकडे घडत नव्हतं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश दहाएक वर्षांनी तिथे पुन्हा गेले तेव्हा निम्मीही उरली नव्हती. त्यानंतर काही वर्षांतच तिथलं एकेक घरटं संपलं. फांदीवर मान खाली घालून दिवसच्या दिवस बसलेली गिधाडं आणि झाडाखाली पडलेली मेलेली गिधाडं त्यांनी पाहिली. आधी सगळ्यांना विषाणूचा संशय आला. कीटकनाशकांचाही आला. उत्तर मिळालं पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं तपासून २००४ च्या जानेवारीत दाखवून दिलं, की मारेकरी गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक आहे.

असं एक गिधाड मी स्वतः उघडून पाहिलंय. वनखात्याने शवविच्छेदनासाठी आणलं होतं. पोट फाडलं तर काळजावर, यकृतावर, आतड्यांच्या पडद्यावर चुन्याचा हात मारावा तसा पांढरा थर. पक्षी अंगातला कचरा युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतात. डायक्लोफिनॅकने गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं, ते ॲसिड रक्तात साचतं आणि अवयवांवर स्फटिक होऊन बसतं. दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. सुरी ठेवून मी बराच वेळ तिथेच उभा होतो. आपण आयुष्यभर जनावरांसाठी काम केलं असं मानणाऱ्या माणसाला ते बघणं सोपं नव्हतं.

आता यातला हिशेब नीट समजून घ्या, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. पाचेक वर्षांचं होईपर्यंत तेही नाही. त्याचा सगळा वंश टिकतो तो मोठे पक्षी वर्षानुवर्षं जगतात म्हणून. आणि एका मढ्यावर पन्नास-शंभर पक्षी एकत्र जेवतात. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, की शंभरातल्या एकापेक्षाही कमी मढ्यांत हे औषध असलं तरी दिसली तेवढी घसरण व्हायला पुरे. प्रत्यक्षात भारतात जनावरांच्या यकृताचे नमुने तपासले तेव्हा साधारण दर दहांत एकात डायक्लोफिनॅक निघालं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. हजारातलं एक उरलं. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची या गिधाडांच्या दुसऱ्या दोन जाती मिळून जवळजवळ ९७ टक्के गेली.

पुढचं मुद्दाम लिहितोय. केवलादेव १९८१ पासून आंतरराष्ट्रीय दर्जाची पाणथळ जागा आहे, १९८५ पासून जागतिक वारसास्थळ आहे, राष्ट्रीय उद्यान तर आहेच. संरक्षणाचा जेवढा म्हणून शिक्का असतो तेवढा त्या जागेवर होता. झाडं शाबूत, शिकार बंद, पहारा चोख. तरीही आतलं गिधाड संपलं, कारण ते जेवायला कुंपणाबाहेर जायचं आणि बाहेरच्या गोठ्यात माझ्यासारखा डॉक्टर सुई भरत होता.

म्हणून मॉन्ट्रियलच्या आराखड्याबद्दल कुणी फक्त '३० टक्के' म्हणालं की मला अस्वस्थ व्हायला होतं. आराखड्यात २३ लक्ष्यं आहेत. त्यातलं तिसरं सांगतं, की २०३० पर्यंत जगातली ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा. वर्तमानपत्रात तेवढंच येतं, कारण आकडा सोपा आहे आणि नकाशावर रंगवता येतो. २०२४ च्या मोजणीप्रमाणे जमीन आणि नद्या-तळी मिळून १७.६ टक्के आणि समुद्र ८.४ टक्के संरक्षित होता. म्हणजे अंतर मोठं आहे, आणि ते कापायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. जंगलच गेलं तर पुढे बोलायला काही उरत नाही. पण त्याच यादीत सातवं लक्ष्य आहे, की कीटकनाशकांचा आणि घातक रसायनांचा धोका निम्म्यावर आणायचा. अठरावं आहे, की निसर्गाचं नुकसान करणारी सरकारी अनुदानं वर्षाला ५०० अब्ज डॉलरनी कमी करायची. या दोन लक्ष्यांचा नकाशा निघत नाही. ती शेतात, दवाखान्यात, खताच्या दुकानात आणि अर्थखात्याच्या फायलींत गाठावी लागतात. माझ्या अनुभवात घसरण थांबते ती तिथे.

गिधाडांची कशी थांबली ते बघा.

२००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी आणली. हे शक्य झालं त्याचं कारण त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे दुसरं औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं प्रयोगांनी दाखवलं होतं. हे फार महत्त्वाचं आहे. शेतकऱ्याला "हे देऊ नका" म्हणण्याआधी "त्याऐवजी हे द्या" असं म्हणता आलं पाहिजे. बैल लंगडत असताना गिधाडाचं भाषण कोण ऐकणार? सुरुवातीला मेलॉक्सिकॅम महाग होतं आणि लोक म्हणायचे, "हे पयल्यासारखं चालत नाय." चालत होतं. थोडं सावकाश, इतकंच.

पण बंदीनंतरही औषध थांबलं नाही. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक दुकानात होतंच, आणि ते ३० मिलीच्या मोठ्या बाटलीत मिळायचं. माणसाला एका वेळी लागतं ३ मिली. मग ३० मिलीची बाटली कुणासाठी? सगळ्यांना ठाऊक होतं. २००७ ते २०१० या काळात भारतात औषधांच्या दुकानांत गुराख्याचं, गवळ्याचं सोंग घेऊन पाहणी झाली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश दुकानांत डायक्लोफिनॅक मिळालं. गावातले बिनपदवीचे 'डॉक्टर' तर सर्रास तेच वापरत.

२०१५ मध्ये सरकारने नियम केला, की माणसांसाठीचं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन फक्त ३ मिलीच्या एका मात्रेच्या बाटलीतच विकायचं. आता गोठ्यातला हिशेब करून पाहा. ३ मिलीत औषध ७५ मिलीग्रॅम. ३०० किलोच्या गायीला किलोमागे एक मिलीग्रॅम धरला तरी चार बाटल्या फोडायच्या, चारदा सुई भरायची, आणि गाय तोवर लाथा झाडतेय. म्हैस असेल तर सहा. शेजारी मेलॉक्सिकॅमची एकच बाटली तयार. कोण कशाला त्या भानगडीत पडेल? औषध कंपन्यांनी या नियमाला कोर्टात आव्हान दिलं आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. गिधाडांसाठी या देशात झालेल्या सगळ्या कामात मी त्या छोट्या बाटलीला फार वरचं स्थान देतो. तिला कुठलं अभयारण्य लागलं नाही, पहारेकरी लागला नाही. चुकीचं काम करणं जरा त्रासाचं झालं आणि बरोबर काम सोपं झालं.

त्यानंतर गिधाडांना मारणाऱ्या इतर वेदनाशामकांची पाळी आली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. ॲसिक्लोफिनॅकचं तर गायीच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं, म्हणजे नाव बदलून तेच विष. निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस बंद झालं. किटोप्रोफेनच्या बाबतीत बांगलादेशाने आपल्या आधी, २०२१ मध्येच, पाऊल उचललं होतं. प्रत्येक औषधामागे तोच क्रम: गिधाडं मरतात, नमुने जातात, प्रयोग होतात, पत्रव्यवहार चालतो, आणि मधली वर्षं पक्षी मरत राहतात. जनावरांचं नवं वेदनाशामक बाजारात येण्याआधीच गिधाडांवर त्याची सुरक्षितता तपासायची, अशी सक्ती व्हावी ही माझी कित्येक वर्षांची मागणी आहे आणि ती मी सोडणार नाही.

एवढं केल्यावर काय झालं? घसरण मंदावली आणि पुढे जवळजवळ थांबली. २०१५ च्या सुमाराचे अंदाज होते, भारतात पांढऱ्या पाठीची सुमारे ६,०००, लांब चोचीची १२,००० आणि सडपातळ चोचीची १,०००. एके काळी कोटींत असलेल्या पक्ष्यांच्या मानाने हे काहीच नाही. पण शून्य होणार होतं ते झालं नाही. 'थांबवणं' याचा अर्थ मला विचाराल तर हा आहे.

आता उलटवणं.

हरियाणात पिंजोरला २००१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथलं वनखातं मिळून गिधाडांचं केंद्र चालवतात. पुढे पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि भोपाळजवळ केरवा इथे केंद्रं झाली. मोठमोठ्या पिंजऱ्यांत जोड्या लावायच्या, त्यांना तपासलेलं मांस द्यायचं, अंडं पहिलं काढून उबवणी यंत्रात ठेवलं तर जोडी दुसरं घालते हे बघून पिल्लं वाढवायची. वीस वर्षांहून अधिक काळ हे शांतपणे चाललंय. पण पिंजऱ्यातलं गिधाड बाहेर कधी सोडायचं? बाहेरची मढी स्वच्छ आहेत याची खात्री झाल्यावरच. म्हणजे उलटवण्याचं काम थांबवण्याच्या कामावर अडून राहतं. ते आधी नीट झालं नसेल तर सोडलेला प्रत्येक पक्षी म्हणजे विषाच्या ताटावर पाठवलेला पाहुणा.

२०२४ च्या जानेवारीत पिंजोरहून २० गिधाडं महाराष्ट्रात आली, निम्मी ताडोब्याला आणि निम्मी पेंचला. काही महिने जागेची सवय करून पावसाळ्यात त्यांना सोडलं. पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारी छोटी यंत्रं. त्यांतलं ताडोब्याचं एक गिधाड तर राज्यामागून राज्य ओलांडत तमिळनाडूत पोचलं. आम्ही सगळे ते नकाशावर पाहत होतो. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी, आणि कुणी न शिकवता एवढ्या लांब. तिथे विजेच्या तारेचा धक्का लागून ते मेलं. काही इतरही दगावली. या बातम्यांवर "पैसे पाण्यात गेले" असं लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की असं काम सहसा पहिल्याच तुकडीत जमत नाही. कुठल्या तारांवर आवरण घालायचं, हे त्या पक्ष्यानेच दाखवून दिलं.

नेपाळ आपल्या पुढे आहे आणि त्याचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथल्या संस्थांनी नुसत्या बंदीवर विसंबून न राहता दुकानांतला डायक्लोफिनॅकचा साठा घेऊन त्याच्या बदल्यात मेलॉक्सिकॅम दिलं. पिठौली गावच्या लोकांनी म्हाताऱ्या गायी सांभाळून, मेल्यावर गिधाडांसाठी ठेवायची 'जटायू' खानावळ काढली. गेल्या दशकात तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या वर जाताना मोजली गेली आहे. आपल्याकडे गडचिरोलीत, नाशिकच्या हरसूल भागात, रायगडात फणसाड आणि म्हसळ्याच्या बाजूला अशी खाद्यस्थळं झाली. रायगडातली अडचण निराळी आहे. तिथे आता गुरंच कमी झालीत. औषध सुटलं तरी पोट कसं भरायचं? मेलेलं जनावर खाद्यस्थळावर नेण्याआधी मी स्वतः मालकाला विचारतो, गेल्या पंधरा दिवसांत याला काय टोचलं? कुणी दिलं? बाटली आहे का? उत्तर नीट मिळालं नाही तर ते जनावर पुरायचं. लोक चिडतात. "दोन तास टेम्पो थांबवलाय तुम्ही," असं ऐकून घ्यावं लागतं.

कोकणात पांढऱ्या पाठीचं गिधाड नारळावरही घरटं करतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. घरट्याखालच्या विष्ठेने झावळ्या जळतात, नारळ कमी लागतात, म्हणून मालक घरटं पाडतो. त्याला चार कायदे दाखवून भागत नाही. एका बागायतदार काकूंना आम्ही त्या माडाच्या उत्पन्नाइतके पैसे वर्षाला द्यायचं ठरवलं. पहिल्या वर्षी त्यांनी घेतले. दुसऱ्या वर्षी पिल्लू उडालं तेव्हा त्यांनीच फोन केला आणि म्हणाल्या, "गेलं हो आपलं." पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्ही मात्र दिले. तेव्हा उलटवण्याचा वेग बघायचा तर तो असा: एक माड, एक जोडी, वर्षाला एक अंडं, आणि ते पिल्लू जगलं तर पाच वर्षांनी त्याचं स्वतःचं पहिलं अंडं. २०३० ही तारीख या पक्ष्याला झेपणारी नाही. ती आपल्यासाठी आहे. तोवर कारणं बंद करायची, एवढंच त्या तारखेत बसतं.

इतर प्रजातींचं थोडक्यात सांगतो, नाहीतर गिधाडांवरून सगळ्या जगाची परीक्षा केली असं होईल. स्पेन-पोर्तुगालमधली इबेरियन लिंक्स ही रानमांजराची जात २००१ मध्ये ६२ प्रौढांवर आली होती, २०२२ मध्ये ६४८ झाली. हिरवं समुद्री कासव २०२५ मध्ये 'धोक्यात'च्या यादीतून बाहेर काढण्याइतकं सावरलं. २०२४ मध्ये जगभरातल्या ६६५ संवर्धन प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दर तीनांतल्या दोन ठिकाणी काम केल्यामुळे परिस्थिती सुधारली होती, निदान घसरण तरी मंदावली होती. तेव्हा "काही उपयोग होत नाही" हे मत आकड्यांत टिकत नाही. जिथे कारण नेमकं सापडलं आणि ते दूर करणारं कुणी दहा-वीस वर्षं तिथे टिकून राहिलं, तिथे उपयोग होतो. दुसरीकडे हेही खरं, की २०१९ च्या जागतिक अहवालाप्रमाणे सुमारे १० लाख प्रजाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. एवढ्यांसाठी एकेक पिंजोर उभारता येणार नाही. म्हणून थांबवण्याचं काम स्वस्त आणि उलटवण्याचं महाग, हा फरक जितक्या लवकर सरकारांच्या डोक्यात शिरेल तितकं बरं.

आणि शिरत नाही, याचंच दुःख आहे. आपल्याकडे हे सगळं घडून गेल्यावर, २०१३ मध्ये स्पेनने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली. युरोपातली बहुसंख्य गिधाडं ज्या देशात आहेत, तिथे. पुढे कॅटलोनियात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू त्याच औषधाने मेल्याचं सिद्ध झालं. भारताचा अनुभव छापील होता, उघड होता. तो वाचून कुणी थांबलं नाही. आफ्रिकेत तर बोत्सवानामध्ये २०१९ साली शिकाऱ्यांनी मारलेल्या तीन हत्तींच्या मढ्यांत विष कालवलं होतं आणि ५०० हून अधिक गिधाडं एका जागी मेली. गिधाडं घिरट्या घालतात म्हणून वनरक्षकांना शिकारीचा पत्ता लागतो, म्हणून गिधाडांनाच मारायचं.

कराराच्या पैशाच्या बाजूबद्दल मी फार बोलत नाही, तो माझा प्रांत नाही. श्रीमंत देशांनी गरीब देशांना २०२५ पर्यंत वर्षाला २० अब्ज डॉलर आणि २०३० पर्यंत ३० अब्ज द्यायचं कबूल केलंय. २०२४ ची कोलंबियातल्या कालीची परिषद पैशावरच अडली आणि उरलेलं २०२५ च्या फेब्रुवारीत रोममध्ये उरकावं लागलं. अमेरिका तर मूळ १९९२ च्या जैवविविधता करारातच सामील नाही. पण पैसा नाही म्हणून थांबवण्याची कामं अडतात, हे मी मान्य करत नाही. ३ मिलीच्या नियमाला किती खर्च आला असेल?

उलट न थांबवण्याचा खर्च बघा. गिधाडं गेली, मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली, कुत्री वाढली, पाणी नासलं. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, की जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर ४ टक्क्यांहून जास्त वाढला. २०००-२००५ या काळात जवळपास ५ लाख जादा माणसं दगावली. माझ्या दवाखान्याच्या हद्दीत त्या वर्षांत कुत्रा चावलेली गुरं मी सारखी बघत होतो. पिसाळलेल्या गायीचं ते हंबरणं एकदा ऐकलं की विसरत नाही. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत, जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवत, पारशी समाजाला आपल्या मृतांसाठी सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले, कारण हजारो वर्षांच्या रिवाजातला पक्षीच आकाशात नव्हता.

राहता राहिलं तुमच्यासारख्यांनी काय करायचं. देशात दोन लाखांहून अधिक जैवविविधता व्यवस्थापन समित्या कागदावर आहेत आणि प्रत्येकीने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या भागातल्या झाडं-प्राणी-पक्ष्यांची वही, करायची असते. मी पाहिलेल्या एका वहीत पक्ष्यांच्या पानावर 'गिधाड' लिहून पुढे 'पूर्वी होते' एवढंच होतं. कधीपर्यंत होते, कुठल्या झाडावर, शेवटचं कुणी पाहिलं, काही नाही. गावात सत्तरीच्या पुढची माणसं आहेत तोवर हे विचारून घ्या. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर एक तालुका घ्या आणि त्यातल्या सगळ्या औषधांच्या दुकानांत जाऊन सांगा, "गाय लंगडतेय, काहीतरी द्या." काय देतात ते घ्या, पावती मागा. खोक्यावर बारीक अक्षरांत 'जनावरांच्या वापरासाठी नाही' असं छापलेलं असेल आणि तरीही तुम्हाला ते गायीसाठी मिळालं असेल, तर दुकानाचं ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा. दुकानदाराने न विचारता मेलॉक्सिकॅम काढून दिलं, तर तेही तारखेसकट लिहून ठेवा. अशी नोंद मला फार कुणी आणून दिलेली नाही आणि ती मला हवी आहे.